बिसाहिन दाईच्या भिंतीवरचा नंबर

बिसाहिन दाई भेटली नसती तर माझा भिलाईचा प्रवास दुसऱ्याच दिवशी उलट्या गाडीनं संपला असता. म्हणून गाडी, कारखाना, रशियन माणसं हे सगळं मागाहून. आधी तिचं नाव. गावातले सगळे तिला दाई (आई) म्हणत, मीही तेच म्हणू लागलो.

मी तुमसर रोडला सकाळच्या पॅसेंजरमध्ये चढलो. शाळा सातवीत सुटलेली, त्यानंतरची सात-आठ वर्षं दुसऱ्यांच्या बांध्यांत (धानाच्या खाचरांत) गेलेली. भिलाईत लोखंडाचा मोठा कारखाना उभा होतो आहे, आमच्या गावचा एकजण तिथे मुकादम आहे, तो कुठंतरी चिकटवून देईल, एवढ्याच भरवशावर निघालो होतो. दरेकसाचा बोगदा आला तशी डब्यातली माणसं हौसेनं ओरडली. मी मात्र खिशातली पत्त्याची चिठ्ठी चाचपत होतो. डोंगरगड गेलं, राजनांदगाव गेलं, आणि बोली बदलत गेली.

भिलाईला उतरलो आणि बघतच राहिलो. लाल मुरमाची उघडी जमीन, आणि तिच्यावर हत्तीएवढी यंत्रं. आमच्या गावानं तलावाची पाळ घालायला अख्खा उन्हाळा घालवला होता. इथं एक यंत्र एका घासात तेवढ्याला लाज आणील इतकी माती उचलून बाजूला टाकत होतं. गोरे, लालबुंद रशियन डोक्याला रुमाल बांधून हातवारे करत होते आणि आपली माणसं ते हातवारे बरोबर समजून घेत होती. मला वाटलं, इथं माझ्यासारख्यालाही जागा असणार.

पण मुकादम राजहऱ्याच्या खाणीकडे निघून गेला होता. दिवसभर फिरलो, कुणी उभं केलं नाही. उन्हं कलताना जवळच्या गावात पहिल्या दिसलेल्या दारात पाणी मागितलं.

"कोन गाँव के हस, बाबू?" दारातली म्हातारी म्हणाली.

"भंडाऱ्याकडचा."

"बासी खाबे?"

बासी म्हणजे पाण्यात भिजवून ठेवलेला भात. मीठ, कांदा आणि पतालची (टोमॅटोची) चटणी. मी दोन वेळा मागून घेतलं. तिनं विचारलंही नाही किती दिवस राहणार. परछीत (ओसरीवर) फक्त एक चटई टाकून दिली.

कारखान्यासाठी ते गाव उठणार होतं. अर्धं उठलंही होतं. उरलेल्या प्रत्येक घरावर डांबरानं नंबर टाकलेला, दाईच्या घरावर ४१. नंबर असलेल्या, माणूस राहत असलेल्या घराचं नाव यादीत जाणार आणि यादीतल्याला नव्या वस्तीत जागा मिळणार. दाईचा मुलगा कमवायला कालीमाटीला (जमशेदपूरला) गेलेला. तो परत येईल तर ठिकाण हवं, एवढीच तिची काळजी होती. शेत आधीच कारखान्याच्या कुंपणात गेलं होतं.

मोजणीचे अमीनसाहेब नागपूरकडचे निघाले. माझी बोली ऐकून थांबले.

"कोठचा बे तू?"

"तुमसरकडचा जी."

"लिहितावाचता येते?"

"सातवी."

"दिवाळी झाली का भेट. फीत धराले मानूस पायजे मले."

त्या आनंदात मी दाईला म्हणालो, काही काम सांग. तिनं शेण-माती कालवली, छुई (भिंतीला द्यायची पांढरी माती) भिजवली, आणि नंबराकडे बोट दाखवलं.

"देवारी हे बाबू. लछमी ह करिया भिथिया देख के लहुट जाही." दिवाळी आहे, काळी भिंत पाहून लक्ष्मी मागे फिरेल.

"पर दाई, घर तो टूटनेवाला है."

"टूटही तब टूटही. आज तो मोर घर हे."

मला वाटलं, नंबर साहेबाच्या वहीत तर आहेच. उपकाराचं ओझं मनावर होतं, म्हणून दोनदा हात फिरवला. भिंत अशी झाली की शेजारणी बघायला आल्या.

दिवाळीनंतर तिसऱ्या दिवशी अमीनसाहेब कारकुनासह पडताळणीला आले. यादीत नाव लागावं म्हणून काहींनी रातोरात खोपटं उभी केली होती, ती वगळायची होती. साहेबांनी दाईची भिंत पाहिली.

"कोरी भिंत, नंबर नाही. हे तं आताच उभं केलं. एक्केचाळीस पडलं असन. काट."

कारकुनानं काट मारली आणि दोघं पुढे गेले. बोलावं तर फीत जाणार, वर पोलीस. दाईला त्यांचं बोलणं कळलं नव्हतं. तिनं हसून मला विचारलं, "का कहिस, बाबू?"

मी साहेबांच्या मागे धावत गेलो.

"साहेब, नंबर मीच लिंपला."

"कावून?"

"दिवाळी होती जी."

"सरकारी नंबर पुसला का फौजदारी होते, मालूम हाय?"

"पुसला नाही जी. आत हाय."

"आत म्हंजे?"

साहेब भिंतीपाशी परत आले. मी खूण केली तसा दाईनं हँसिया (विळा) दिला. मी खरवडू लागलो आणि जागाच सापडेना. इथं मातीच, तिथंही मातीच. तोवर जमलेल्या गर्दीतून एकजण ओरडला, "बने लीपे हस गा! अब भगवानो ल नइ मिलय!" आता देवालाही सापडायचा नाही म्हणे. सगळे हसले. मग विळा कशावर तरी चिकटला. चारचा आकडा, मग एक. साहेबांनी वाकून डांबरावर बोट फिरवलं, कारकुनाला काट खोडून नाव पुन्हा लिहायला लावलं आणि मोठ्यानं वाचायला लावलं. बिसाहिनबाई.

"आता तुयं," माझ्याकडे वळून म्हणाले. मी मान खाली घातली. "इतका पक्का झाकतं, तं टाकशीनबी पक्का. उद्यापासून डांबराचा डबा तुया हाती."

असं माझं काम लागलं. माझ्या चुकीपासून मी एक शिकलो: भिंतीवर नंबर टाकायचा नाही, चौकटीच्या वरच्या लाकडावर टाकायचा, तिथं कुणी लिंपत नाही. साहेबांनी मग सगळ्यांनाच तसं करायला लावलं. पण प्रत्येक दारात बायका मला पाणी देत, आणि मी त्यांच्या घरावर पाडायचा नंबर टाकून पुढे जात असे. पोट भरत होतं, आणि कारखाना वाढताना पाहून छाती फुगत होती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

थंडी सरता सरता गाव उठलं. दाईला नव्या वस्तीत जागा मिळाली: कडक मुरूम, झाड नाही, पाणी लांब. मुलाचं पत्र आलं होतं, पण तो आला नव्हता. मी सुट्टीवर निघताना भेटायला गेलो तेव्हा तिच्या भिंती कमरेइतक्या आल्या होत्या.

घरी आलो तर सगळे धुराड्यांबद्दल, रशियनांबद्दलच विचारतात. मी सांगतोही रंगवून. ते सांगण्यासारखंच आहे. देशाला लोखंड हवं हे मला पटतं. पण ज्या जमिनीवर मला काम मिळालं ती कुणाची होती हे मी दाईच्या घरी जेवून ओळखलेलं आहे, नुसतं ऐकलेलं नाही.

जागा दाईच्या हक्काची होती, ती मी दिली नाही. उलट माझ्यामुळे जात होती. तिनं जे दिलं त्याची फेड अजून व्हायची आहे. परत गेलो की रोज काम सुटल्यावर तिच्या भिंती चढवीन, पावसाआधी छप्पर घालीन. आणि उद्या त्याही वस्तीवर कुणी फीत घेऊन आलं, तर दाई, त्या दिवशी मी तुझ्या दाराच्या आतल्या बाजूला उभा असेन.