बाबांचा पंचा आणि आमची चिंगी

मंडळी, सकाळपासून डोकं सुन्न झालंय, म्हणून इथे लिहितेय.

आमच्या कुत्रीच्या, चिंगीच्या पोटावरचे फोड काही केल्या जात नाहीत. गोळ्या संपल्या की पुन्हा तेच. आज तिला ठाकुर्लीहून डोंबिवलीच्या व्हेटकडे घेऊन गेलेले. त्यांनी विचारलं, "घरात कोणाला गळवं होतात का?"

बाबांना होतात, शुगर आहे. आणि बाबा रोज काय करतात? स्वतःच्या गळवाला मलम लावतात, त्याच बोटाने चिंगीच्या पोटाला लावतात, वर एकाच पंच्याने दोघांचं अंग पुसतात. आई गेल्यापासून ते फक्त चिंगीशीच बोलतात. आम्हाला ते बघून बरंच वाटायचं हो.

व्हेट म्हणाले, "कातडीवरचे बॅक्टेरिया माणसाकडून कुत्र्याकडे जातात, तिकडून परतही येतात. एरवी काही बिघडत नाही, पण इथे दोघांनाही जखमा आहेत. वडिलांना डॉक्टरांना दाखवा. तोवर दोघांना लांब ठेवा."

"पण कोणी कोणाला दिलं?"

"ते आता नाही सांगता येणार."

घरी येऊन बाबांना अगदी हेच सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे माझ्यामुळे?" आणि उत्तराला थांबलेच नाहीत. पंचा उकळत्या पाण्यात टाकला, खोलीत गेले, आतून कडी लावली. जेवलेही नाहीत.

तेव्हापासून चिंगी दार खरवडतेय. आतून आवाज येतो, "जा गं बाई, माझ्यापाशी नको येऊस."

तिला बोललेलं कळत नाही, त्यांना माझं पटत नाही. सांगा, मी कोणाची समजूत काढू?