बाबांची शेवटची खबर

सुरुवातीलाच सांगून टाकते, आमच्या घरात भूत, आत्मा, असलं काही कोणी मानत नाही. आम्ही बौद्ध. त्यातून बाबा पोलिसात. एकदा त्यांच्या हद्दीतल्या एका पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, लोकांनी एका विधवा बाईला टोनही – म्हणजे चेटकीण – ठरवून घरातून ओढत बाहेर काढलं होतं. बाबांनी तिला स्वतःच्या स्कूटरवर मागे बसवून ठाण्यात आणलं. घरी आल्यावर जेवताना एवढंच म्हणाले, "चेटूक-बिटूक काही नसते बेटा. तिच्या घराची जागा पाह्यजे होती त्याईले."

अशा माणसाची मी मुलगी. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण जे घडलं ते घडलं...

आम्ही मूळचे भंडारा जिल्ह्यातले. बाबा मिसरूड फुटायच्या वयात फौजेत गेले आणि तिथून सुटल्यावर रायपूरला पोलिसात लागले. शिपाई म्हणून लागले, सब-इन्स्पेक्टर होऊन रिटायर झाले. बदल्या झाल्या त्या शहरातल्या शहरात. घर मात्र शेवटपर्यंत गुढियारीतच – रेल्वेलाइनच्या अलीकडे, दोन खोल्या आणि पुढे छोटंसं अंगण.

फौजेत असताना त्यांचा एक जोडीदार बर्फात गेला. त्याच्या सामानासोबत बाबांना त्याच्या गावी पाठवलं होतं. तिथे पोहोचल्यावर त्यांना कळलं की, मुलगा गेल्याची तार कुणीतरी भर बाजारात मोठ्याने वाचून दाखवली होती, आणि त्याची आई तिथेच कांद्याच्या ढिगाशेजारी बसली ती कितीतरी वेळ उठलीच नाही. हे बाबांनी आम्हाला एकदाच सांगितलं. पण ते त्यांच्या आत कायमचं बसलं असावं. कारण पोलिसात आल्यावर त्यांनी एक काम मागून घेतलं, जे ठाण्यात कुणालाच नको असायचं – मेलेल्या माणसाच्या घरी खबर द्यायचं.

भनपुरीचा तो ट्रकांचा, रोजच्या अपघातांचा रस्ता तुम्ही पाहिला असेल तर कळेल, अशी कामं किती निघत असतील. बाबा फोनवर कधीच सांगत नसत. स्वतः जात. धुतलेली वर्दी घालून जायचे, दारात टोपी काढायचे, आधी प्यायला पाणी मागायचे. मग समोरच्या माणसाला बसवायचे आणि सरळ सांगायचे. "सीरियस आहे, दवाखान्यात चला" असं खोटं त्यांना जमत नसे. आणि सांगून झालं की लगेच उठायचे नाहीत. घरातलं दुसरं कुणी येईपर्यंत तिथेच बसून राहायचे. कधीकधी अख्खी दुपार. घरी आले की अंगणात पाय धुवायचे, आणि त्या दिवशी आई त्यांना काही विचारायची नाही.

मागच्या हिवाळ्यात बाबांना न्यूमोनिया झाला. फुप्फुसं आधीच कमजोर होती. दवाखान्यात मी एकटीच असायचे. भाऊ नागपूरला, नोकरीतून सुटी घेऊन निघायच्या तयारीत होता. आईचे गुडघे गेलेले, तिला जिना चढवत नव्हता. ती घरी बसून फक्त विचारायची, "आज काही खाल्लं काय त्यायनं?"

ते दुपारी गेले. मी कॉरिडॉरमध्ये उभी होते. डॉक्टर बाहेर आले, चष्मा काढला, आणि त्यांनी बोलायच्या आधीच मला कळलं.

मी फक्त भावाला फोन केला. तो रडायला लागला, मी नाही. मी त्याला म्हटलं, "आईला फोन करू नको. मी जाऊन सांगते. बाबांनी सांगितलं असतं तसं सांगते." बाकी कुणालाही कळवलं नाही. कागदपत्रांना वेळ लागणार होता, म्हणून मी ऑटो केली आणि निघाले. रस्ताभर मनात वाक्य जुळवत होते. "आई, बाबा गेले." नाही... "आई, आधी बस." तेही नाही. दोन-तीनदा वाटलं की ऑटोवाल्याला सांगावं, भैया, थोडं फिरवून घ्या.

घराचं फाटक उघडं होतं. आई पुढच्या खोलीत पलंगावर बसली होती. अंगावर पांढरं लुगडं – विहारात वंदनेला जाताना नेसते ते. तिच्यासमोर खुर्ची ओढलेली. खाली पाण्याचा पेला, अर्धा प्यालेला. कोपऱ्यात लाखडीची भाजी निवडायची तशीच पडली होती.

मी दारातच थांबले. ती म्हणाली, "ये. बस आधी."

"आई..."

"मले माहीत आहे."

वाटलं, भावाने फोन केलाच शेवटी. मी विचारलं, "तुले कोनं सांगतलं?"

"तुह्या बाबानंच. येऊन गेले."

तिचा आवाज इतका साधा होता की मला तिचीच भीती वाटली. मी तिच्याजवळ बसले, हात धरला.

"आई, काय बोलून राहिली तू?"

"खरंच बोलून राहिली. भाजी निवडत होती. फाटक वाजलं. पाह्यलं तं हे. वर्दी घालेल, पट्टा कसेल... पहिले कसे दिसत, तसे. टोपी काढली आन् म्हने, शांता, पानी आन. मी पानी देल्लं. मंग म्हने, बस. तवाच समजलं मले."

"मंग?"

"मंग सांगतलं. मी गेलो, म्हने. त्रास नाही झाला, म्हने. मी लुगडं बदलून आली तं बसेलच होते. पोरगी येईस्तोवर बसतो, म्हने. तुह्या ऑटोचा आवाज आला, आन् उठले."

त्या खुर्चीकडे मी किती वेळ बघत होते, मला आठवत नाही.

संध्याकाळी लोक जमले. शेजारच्या साहूबाई मला बाजूला घेऊन त्यांच्या छत्तीसगढीत म्हणाल्या, "नोनी, थाना ले कोनो आए रिहिस का मंझनिया? खाकी मा?"

मी म्हटलं, "दुपारी? ठाण्यातून? तुम्ही पाहिलं?"

"हव, देखेंव. टोपी ला हाथ मा धरे रिहिस. मुँह नई देख पाएंव."

आईचा भास म्हणून मी सोडून दिलं असतं. पण साहूबाईंनी दुपारी ते पाहिलं, तेव्हा त्यांना बाबा गेल्याचं माहीतही नव्हतं. आणि आई त्यांच्याशी त्याआधी एक शब्दही बोलली नव्हती.

मग मी सगळं तपासलं. मुलगी कुणाची आहे शेवटी... आईचा बटणांचा फोन पाहिला – त्या दुपारी एकही कॉल नाही. बाबांच्या जुन्या ठाण्यात विचारलं. तिथून कुणी आलं नव्हतं. त्यांना खबरच आम्ही संध्याकाळी दिली. त्यांच्या हाताखाली शिकलेले एक हवालदार तर हे ऐकून रडायलाच लागले. ट्रंक उघडली. वर्दी होती तशी, घडी घातलेली, डांबरगोळ्यांच्या वासाची.

भाऊ म्हणतो, आईला आतून कळलं असणार, इतक्या वर्षांचा संसार. आणि साहूबाईंनी दुसऱ्याच कुणाला पाहिलं असेल. असेलही. आई यावर वाद घालत नाही. "असन," म्हणते, आणि टीव्ही लावते.

मला एका गोष्टीचं मात्र वाईट वाटत राहिलं. कुणाला बोलले नाही, इथेच लिहिते. ज्या कॉरिडॉरमध्ये मला ते कळलं, तिथे माझ्याजवळ कुणीच नव्हतं. बाबा आईकडे गेले. तिच्याजवळ बसले. मी त्यांची इतकी सेवा केली, रात्रंदिवस उशाशी राहिले, आणि माझ्यासाठी ते थांबले नाहीत... हे असं वाटणं वेडेपणाचं आहे, मला कळतं. पण वाटायचं.

यंदाच्या उन्हाळ्यात एकदा आईच्या गुडघ्यांना तेल लावत होते. सहज बोलल्यासारखं विचारलं, "आई, बाबा त्या दिवशी माह्याबद्दल काही बोलले काय?"

ती म्हणाली, "तुले सांगू नको म्हने, म्हनून नाही सांगतलं."

"काय म्हणाले?"

"म्हने, हे काम लय कठीन राह्यते. लोकाईच्या दारात जाऊन जाऊन माहा जीव थकला. पोरगी तेच कराले येऊन राहिली, एकटी. तिले बोलाले लावू नको, शांता. तू आधीच सांग, मले माहीत आहे म्हनून."

तेलाची वाटी माझ्या हातात तशीच राहिली. बाबा गेल्यावर मी पहिल्यांदा रडले ते त्या दिवशी, आईच्या पायांवर डोकं ठेवून. ती माझ्या केसांतून हात फिरवत राहिली.

हे काय होतं, मला अजून माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला पटेल असं कारण सापडलं तर सांगा, मी ऐकून घेईन. फक्त आईला सांगणार नाही.