नाइटची कोरी नऊ वर्षं

माझी मुलगी तेरा वर्षांची असताना शाळेत तिच्या चिठ्ठीत एक माणूस निघाला. आम्ही डीमन या डच गावात राहतो. तिच्या शाळेत काही विषय डचमध्ये आणि काही इंग्रजीत शिकवतात. इतिहासाच्या सरांनी सांगितलं होतं की राजेराण्या नकोत, ज्यांना कोणी ओळखत नाही अशा एकेका माणसाबद्दल प्रत्येकाने वर्गासमोर इंग्रजीतून दहा मिनिटं बोलायचं. तिच्या वाट्याला सहाशे वर्षांपूर्वीचा एक इंग्रज नाइट आला. नाइट म्हणजे साधारण आपल्याकडचा सरदार. हा आपल्या परगण्याचा प्रतिनिधी म्हणून पार्लमेंटात जायचा.

ती कंटाळली आणि मी गुंतलो. शाळेचं प्रोजेक्ट मुलाच्या नावावर असतं आणि करतं सगळं घर, अशाच पद्धतीत मी पुण्यात वाढलो होतो. शनिवारी सकाळी ती पोहायला गेली की मी लॅपटॉप उघडून बसायचो. जुन्या नोंदी आता घरबसल्या वाचता येतात. हा माणूस पहिल्यांदा दिसतो तो एका जमिनीच्या कागदावर, साक्षीदार म्हणून. मग एका बड्या उमरावाच्या पदरी फ्रान्सच्या लढाईवर जातो. परत येतो तेव्हा नावामागे ‘सर’ लागलेलं असतं. एका विधवेशी लग्न करतो आणि तिच्याबरोबर दोन गावंही घरात येतात. पुढे परगण्याचा शेरीफ, म्हणजे राजाचा तिथला मुख्य अधिकारी होतो. एकदा त्याला मोडलेल्या पुलाच्या चौकशीवर नेमलं होतं. एकदा किनाऱ्याला लागलेल्या देवमाशाच्या. देवमाशावर हक्क राजाचा, आणि तो गावकऱ्यांनी राजाला न कळवता कापून नेला होता. मुलीला देवमासा आवडला आणि तिथून ती स्वतः वाचायला लागली.

मला पार्लमेंटातल्या खेपांचं कुतूहल होतं. परगण्याच्या कचेरीत लोक जमून त्याला निवडायचे. मग घोड्यावरून पाच-सहा दिवस प्रवास. तिथे तो कोणाकडे उतरत असेल? राजाच्या करांवर वाद चालताना कधी उठून बोलला असेल, की मागे बसून ऐकत असेल? नोंदीत फक्त ‘निवडून आला’ एवढंच. असा तो चार वेळा निवडून आला. मग नऊ वर्षं काहीच नाही. ना पार्लमेंट, ना चौकशी, ना साक्ष. मग पुन्हा एकदा निवडून आला आणि वर्षभरात वारला.

सरांची एक अट होती. शेवटच्या पानावर ‘आपल्याला काय माहीत नाही’ ते लिहायचं. मुलीने तिथे एकच ओळ लिहिली होती: या नऊ वर्षांत तो कुठे होता, हे माहीत नाही.

भाषणाच्या आदल्या रविवारी मी ते पान पाहिलं आणि मला राहवेना. काहीही येत नसलं तरी प्रश्न कोरा सोडायचा नाही, हे माझ्या अंगात शाळेपासून मुरलेलं आहे. दोन ओळी लिहिल्या तर निदान अर्धा मार्क. मी तिला म्हटलं, हे उत्तर अर्धवट दिसतंय. मग तिची ओळ खोडून मी लिहिलं की त्या काळात त्याची बायको अंथरुणाला खिळली होती, म्हणून त्याने निवडणूक नाकारली आणि नऊ वर्षं तिच्याजवळ राहिला.

मुलीने विचारलं, हे कुठे मिळालं?

‘‘वाचलंय मी कुठेतरी,’’ मी म्हटलं.

तिने विश्वास ठेवला. मी सांगितलेल्या गोष्टीवर ती तोवर विश्वास ठेवायची.

भाषण छान झालं. सरांना सगळ्यात आवडलं ते शेवटचं पान. त्यांनी विचारलं, हे कोणत्या कागदात आहे, मलाही वाचायचंय. ती म्हणाली की माझ्या बाबाला माहीत आहे. घरी येऊन तिने माझ्याकडे लिंक मागितली. मी म्हटलं, शोधून देतो. आणि खरंच दोन शनिवार शोधत बसलो, जणू मी रचलेली गोष्ट कुठेतरी आधीच लिहून ठेवलेली असेल. सापडलं ते भलतंच. नवरा वारल्यावर त्या बाईने तिसरं लग्न केलं होतं आणि पुढे वीस वर्षं ती स्वतःच्या हिमतीवर जमिनीचे दावे लढत होती.

तिसऱ्या आठवड्यात मुलगी म्हणाली की सरांनी पुन्हा विचारलं. वर्गातला एक जण म्हणाला की हिने मनानेच घातलंय.

इथल्या शाळेत पालकांना भेटीसाठी दहा मिनिटं मिळतात, तीही आधी वेळ घेऊन. मी वेळ घेतली. मुलीला बरोबर नेलं, पण कशासाठी ते वाटेत ट्राममध्ये सांगायचं धाडस झालं नाही. सरांसमोर वर्गातल्या मुलांच्या खुर्चीत बसून मी सांगितलं की ते पान माझं आहे, मी रचलेलं आहे, तिला त्यातलं काही माहीत नव्हतं.

सर रागावले नाहीत. त्यांनी सरळ विचारलं की का रचलं. प्रश्न कोरा न सोडायची सवय आणि तिची खोडलेली ‘माहीत नाही’ची ओळ, दोन्ही मी सांगितलं. ते थोडे हसले आणि म्हणाले, पण मार्क तर मी त्याच ओळीला देणार होतो. तिला पुढच्या आठवड्यात ते पान पुन्हा सांगायची संधी त्यांनी दिली. सहा मिनिटांत आम्ही बाहेर.

ट्रामच्या थांब्यापर्यंत ती माझ्यापुढे दोन पावलं चालत होती. ती माझ्याशी एरवी इंग्रजीत बोलते. थांब्यावर मात्र मराठीत म्हणाली, ‘‘पण आजारीच का लिहिलंस, बाबा? लढाई लिहायची. तुरुंग लिहायचा.’’

मी हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. उत्तर मात्र लगेच समोर आलं. मी तिला सांगितलं की तू झालीस त्या हिवाळ्यात आई फार खचली होती. उठायची नाही, जेवायची नाही. आम्हाला इथे येऊन वर्षही झालं नव्हतं, ओळखीचं कोणी नव्हतं. तेव्हा कंपनीत मला जर्मनीतल्या एका प्रोजेक्टसाठी विचारलं. नाही म्हणता आलं असतं, मी हो म्हटलं. सोमवारी पहाटे जायचो, शुक्रवारी यायचो. इथे राहायच्या परमिटसाठी जावंच लागेल, असं मी आईला सांगितलं होतं. ते तितकंसं खरं नव्हतं. घरातलं ते रडणं मला सोसत नव्हतं, दोघींचंही.

‘‘किती दिवस?’’

‘‘पाच-सहा महिने असतील.’’

ट्राम आली. ती चढली आणि माझ्या शेजारी बसली. मग म्हणाली, ‘‘हे खरं आहे की हेही कुठेतरी वाचलंस?’’

‘‘आईला विचार,’’ मी म्हटलं.

मला वाटलं होतं, ती विसरेल. घरी आल्यावर तिने पायातले बूटही काढले नाहीत. माझी बायको ओट्यापाशी कणीक मळत होती. मुलीने तिला सरळ विचारलं की मी झाले तेव्हा बाबा किती दिवस जर्मनीत होता. बायकोने आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. परमिटचं खरं काय ते तिला अजून सांगायचंच होतं. आता मुलीसमोरच सांगणार होतो.

‘‘आठ महिने,’’ बायको म्हणाली. ‘‘ऑक्टोबर ते मे.’’

मुलगी माझ्याकडे वळली.

‘‘आठ,’’ मी म्हटलं आणि खुर्ची ओढून बसलो.