दुसरे ठोके

सां-फोर्काद गावच्या मठातील चर्चची किल्ली चव्वेचाळीस वर्षे फिलोमेन कास्तानेच्या कमरेला होती. झाडू तिचा, मेणबत्त्या तिच्या, गार्सांद राणीच्या समाधीवर तिची दगडी मूर्ती आडवी निजलेली, तिच्यावरची धूळसुद्धा फिलोमेनचीच! समाधीवर कोण्या प्रवाशाने टोपी टेकवली, की ती टोपी अंगणात भिरकावली जाई. "दगडाची असली म्हणून काय झालं? राणी आहे ती, आणि निजली आहे!"

पण त्या सोमवारी तिचा संताप टोप्यांपुरता उरला नाही. गावचा मेयर ब्लेझ रूकेत निरोप घेऊन आला होता.

"मावशी, उद्यापासून घंटेचे दुसरे ठोके बंद. बसमधले पाहुणे विचारतात, घड्याळ बिघडलंय का? प्रत्येक तास दोनदा का वाजतो?"

"मग सांग की त्यांना! मळ्यात वाकलेल्या माणसासाठी वाजतो म्हणून!"

"आता मळ्यात घंटा कोण ऐकतं, मावशी?"

 फिलोमेनचा बाप द्राक्षमळ्यात आयुष्यभर राबला. पहिले ठोके पडले, की तो कात्री थांबवी, पाठ सरळ करी, छातीवर क्रूस रेखी. दोन मिनिटांनी तेच ठोके पुन्हा पडत, तेव्हा कुठे मोजी. श्रमणाऱ्याला देवाने दिलेली ती दोन मिनिटे! ती या पोराने पुसावीत? ज्याला बाप्तिस्म्याच्या वेळी तिने स्वतः हातांवर धरले होते, त्याने?

"तुझ्या पाहुण्यांना राणी दाखवायची ना? तू स्वतः येशील तेव्हाच दार उघडेन. त्याआधी नाही!"

"येतोच की! उद्या अकराला पर्यटन समिती येतेय. मीही येतो."

मंगळवारी अकराचे ठोके पडले. दोन मिनिटे गेली. आकाश मुके राहिले. फिलोमेन बंद दाराशी किल्ली आवळून उभी होती. समितीची चार माणसे घड्याळे पाहत होती. सव्वाअकरा. साडेअकरा. ती माणसे चिडून गाडीत बसली आणि निघून गेली.

बारा वाजायला आले, तेव्हा ब्लेझ धावत आला. बुटांना मळ्याची लाल माती, हातात कात्री.

"थांबवायचं नाही का त्यांना, मावशी?"

"तू कुठे होतास?"

"वेली बांधत होतो! घंटा ऐकली, पाठ सरळ केली, वाट पाहिली. पुढे काही वाजलंच नाही. म्हटलं, भास झाला असेल. लागलो पुन्हा कामाला. ऊन डोक्यावर आलं, तेव्हा धावत सुटलो."

"पहिले ठोके मोजले नाहीस?"

"पहिले कोण मोजतं!"

शब्द तोंडातून गेला आणि ब्लेझचा चेहरा मातीपेक्षा लाल झाला. फिलोमेन हसली नाही. तिचा राग एवढा स्वस्त नव्हता. वर बाराचे ठोके पडू लागले.  ते संपताच तिने दार उघडले, त्याला मनोऱ्याखाली नेले आणि जुना दोर त्याच्या हातात दिला.

"दोन मिनिटं होत आली. ओढ. आणि नीट मोज, मळ्यात माणसं ताटकळलीत."