तिसगावचा पिवळा रस्सा

डिसेंबरातला रविवार, संध्याकाळचे सात. जागा: भिंगार, आमचं स्वयंपाकघर.

हजर: सासूबाई, तिसगावहून आलेल्या, मुक्कामाचा पाचवा आठवडा. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा. आमची लेक, पुण्यात नोकरीला, सुट्टीपुरती घरी. आणि मी.

गैरहजर: सासूबाईंचे दात. उरलेले सहाही डॉक्टरांनी काढले होते आणि कवळी मिळायला अजून तीन आठवडे होते.

दात गेल्यापासून सासूबाई चहात बुडवलेल्या टोस्टवर दिवस काढत होत्या. इकडे त्यांना गावी जायची घाई, कारण त्यांची म्हैस व्यायला झाली होती आणि ती पुतण्याच्या भरवशावर होती. पुतण्या कामाचा आहे, पण सासूबाईंच्या मते त्याला म्हशीचं तोंड बघून काही कळत नाही. डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितलं होतं: "एक वेळ तरी पोटभर जेवू द्या, मग खुशाल पाठवा. तोवर एकटं ठेवू नका."

मी फ्रिजवर यादी लावली होती. मऊ भात, मुगाची खिचडी, नाचणीची पेज, रव्याची खीर, दुधात कुस्करलेली पोळी. पाचही ओळींवर काट बसली होती. प्रत्येक वाटी दोन चमच्यांनंतर परत यायची आणि बरोबर एकच वाक्य यायचं, "हे आजाऱ्याचं खानं. मी आजारी हाय का?"

"आज मी करते," लेक म्हणाली. "मॅकरोनी आणि चीज. चावावं लागत नाही आणि आजाऱ्याचं वाटत नाही."

मला हे पटलं. सहावी ओळ लिहिली.

चूक एवढीच झाली, की लेकीनं पुण्याहून चांगल्यातलं चीज आणलं होतं. आमच्या सँडविचमध्ये असतं ते बिनवासाचं नव्हे. ते दुधात वितळायला लागलं आणि बाहेरच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "दूध नासलं गं तुमचं!"

"नाही आज्जी, ते चीज आहे."

"नाव काय बी असू दे. नासलंय."

इथं सांगायला हवं, की सासूबाईंनी चाळीस वर्षं डेअरीला दूध घातलं आहे. पहाटे कॅन तीनदा धुवायचा, उन्हात पालथा घालायचा, दूध घालण्याआधी आत नाक खुपसून हुंगायचा. गावात प्रत्येकाचं दूध कधी ना कधी माघारी आलं, त्यांचं नाही. हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा मान आहे आणि लग्नकार्यात तो त्या पाहुण्यांना सांगतात. अशा बाईपुढं आम्ही मुद्दाम नासवलेलं दूध ताटात ठेवत होतो.

त्या येऊन खुर्चीवर बसल्या. ताटलीवर वाकल्या. एक मॅकरोनी चमच्यानं उलटी केली, तिच्या भोकातून पलीकडं पाहिलं.

"ह्ये कुठलं?"

लेकीनं मोबाईल काढला. "कुणी म्हणतं इटलीचं, कुणी म्हणतं अरबांनी तिकडं नेलं, कुणी म्हणतं त्याच्याही आधी चीनमध्ये होतं."

"म्हंजी कुनालाच ठावं न्हाई. आन् त्यो वास?"

"चीजची गोष्ट अशी सांगतात, की एक व्यापारी वाळवंटातनं चामड्याच्या पिशवीत दूध घेऊन चालला होता. उन्हात हलून हलून ते घट्ट झालं. त्यानं खाऊन बघितलं, तर छान लागलं."

सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पिशवी धुतली नव्हती त्यानं."

माझा नवरा तोवर दुसऱ्यांदा वाढून घेत होता. त्याच्याकडं बघून त्या म्हणाल्या, "खा बाळा, खा. ल्हानपनी साय खाल्ली न्हाईस, आता नासकं खा." ताटली सरकवली. सहाव्या ओळीवर काट.

मी पेन खाली ठेवते न ठेवते तोच त्या म्हणाल्या, "हुलग्याचं पीठ हाय का घरात? शेंगोळे खाईन मी. ह्या नळ्या ज्यांनी काढल्या त्यांला आमीच शिकवलं असंल."

पीठ होतं. मी जामखेडची, माझ्या घरात हुलग्याचं पीठ नसेल असं होत नाही. लसूण-मिरची वाटली, पीठ मळलं आणि परात त्यांच्या पुढ्यात दिली. त्या तळहातांवर पीठ वळून त्याची गोल कडी करू लागल्या. मी माझ्या माहेरच्या पद्धतीनं सरळ, बोटाएवढे वळू लागले.

"ह्ये काय? शेंगोळा म्हनत्यात का ह्याला? ही तर खडूची कांडी."

"आई, आमच्याकडं असेच करतात. मूळचे आमच्याकडचेच आहेत ते."

"तुमच्याकडं? आमच्याकडनं एखादी पोर दिली असंल जामखेडला, तिनं नेलं. कडं करायला सवड न्हाई मिळाली बिचारीला."

लेक म्हणाली, "म्हणजे इथंही कुणालाच माहीत नाही." तिच्याकडं आम्ही दोघींनी एकदमच पाहिलं, आणि ती ताटल्या विसळायला गेली.

रस्सा उकळला, शेंगोळे शिजले. सासूबाईंनी पहिला उचलला, तोंडात घातला आणि हिरड्यांनी दाबला. गाल या बाजूनं त्या बाजूला हलला. बराच वेळ हलला. मग त्यांनी तो रुमालात काढला आणि रुमालाची घडी केली.

कड्या त्यांच्या हातच्या होत्या, चवीला उत्तम होत्या आणि त्यांना खाता येत नव्हत्या.

"म्हैस आता ह्या आठवड्यात व्यायची," त्या ताटलीकडं बघत म्हणाल्या. त्या दिवसात एवढ्या हळू आवाजात बोललेलं हे पहिलंच वाक्य.

लेक उठली. काही न विचारता तिनं ताटलीतले शेंगोळे उचलून उरलेल्या चीजच्या पातेल्यात टाकले, वर कपभर दूध ओतलं, झाकण ठेवलं आणि गॅस बारीक केला. मी थांबवणार होते. हुलगा आणि चीज हे माझ्या कुठल्याही यादीत बसत नाही. पण वीस मिनिटांनी झाकण काढलं तर कड्या फुगून मऊ झाल्या होत्या आणि लसणाच्या वासापुढं दुसरा वास टिकला नव्हता.

"काय घातलंस ह्यात?"

"दूध, आज्जी."

"बघू."

पहिला चमचा. दुसरा. आम्ही तिघं दुसरीकडं बघत होतो, इतकं दुसरीकडं की माझ्या नवऱ्यानं कॅलेंडर वाचायला घेतलं. तिसरा, चौथा. मग चमचा ताटलीच्या तळाला लागल्याचा आवाज आला.

"जरा रस्सा वाढ गं."

"चीज, आज्जी?"

"पिवळा रस्सा. वाढ."

त्यांनी दोनदा घेतलं. बोटानं ताटलीची कड पुसून घेतली आणि निर्णय दिला, "ह्यो पदार्थ तिसगावचा. तुझ्या पोरांनी इचारलं कधी, तर असं सांग." मग माझ्याकडं वळून, "जेवले का पोटभर? ल्ही तुझ्या कागदावर. आता पुतन्याला फोन लाव, गाडी घिऊन ये म्हनावं."

मी लिहिलं. सोमवारी डॉक्टरांना कळवलं, त्यांनी होकार दिला. मंगळवारी सासूबाईंची लुगडी इस्त्री करून पिशवीत भरली, गोळ्या सकाळ-संध्याकाळ अशा वेगळ्या पुड्यांत बांधल्या, पिवळ्या रश्श्याची कृती मोठ्या अक्षरात लिहून पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवली. रोज संध्याकाळी त्या जेवायला बसताना विचारतात, "लागला का फोन?"

"रेंज नाही आई, तिसगावला."

"रेंज न्हाई," त्या म्हणतात. "बरं. वाढ."

आज गुरुवार. यादीतली बाकी सगळी कामं झाली आहेत. पुतण्याला फोन करणं तेवढं राहिलं आहे; मी अजून तो लावूनच पाहिलेला नाही.