गाळलेली ओळ

दुधाची किटली खाली ठेवत निघोजे गावचा दूधवाला बबन म्हणाला, "गुरुजी, आमचे हवालदार गेले." मी आत येऊन बसलो... मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. वाटलं, आता ती गोष्ट माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. महिना झाला, त्या विचाराची लाज जात नाही.

सखाराम हवालदार बासष्टच्या बर्फात पायाची दोन बोटं गमावून आले होते. भरवसा कुणावरच नाही. चहा दिला तरी आधी कपात डोकावायचे. पुढे मंदी आली. पिंपरी-चिंचवडच्या कंपन्या असलेलीच माणसं घरी पाठवू लागल्या, तेव्हा नोकरीचं आश्वासन मिळालेले बारा माजी सैनिक सरकारी कचेरीसमोर धरणं धरून बसले. त्यात हवालदार होते, आणि माझा धाकटा भाऊ दत्तूही. थेरगावची शाळा सुटली की मी त्यांचे अर्ज लिहायला जायचो. हवालदार माझ्याकडेही तिरकंच बघत. "सरकारचा पगार खाणारा माणूस," असं माझ्यादेखत म्हणत.

अठराव्या दिवशी एक साहेब इंग्रजी कागद घेऊन आले. सगळ्यांना नोकऱ्या, सह्या करा आणि उठा. मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. दत्तू तापानं फणफणला होता, त्याच्या बायकोचे दिवस भरत आलेले... मी एक ओळ गाळली.

"समदं वाचलं का, गुरुजी?" हवालदारांनी विचारलं.

"सगळं."

त्यांनी कागद घेतला, लंगडत रस्त्यापलीकडच्या औषधांच्या दुकानात वाचून घ्यायला गेले आणि परत येऊन तो माझ्याच हातात दिला. "पुन्यांदा वाचा."

मी वाचला. तीच ओळ पुन्हा गाळून.

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्या सही करनार न्हाई. तुमीबी करू नका." कारण सांगितलं नाही. भावासमोर त्यांनी माझी लाज राखली, की दुकानदारावरही त्यांचा विश्वास बसला नव्हता? विचारायचं धाडस मला कधीच झालं नाही.

बाकी अकराजणांनी सह्या केल्या. बोलावणं कुणालाच आलं नाही. हवालदारांनी एकी मोडली म्हणून साहेब चिडले, असं दत्तू वर्षानुवर्षं म्हणत राहिला. हवालदार चाकणच्या बाजारात कांद्याची पोती वाहत राहिले.

दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावर दत्तू पुन्हा तेच बोलला. "गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत दादा, पण यांच्या संशयानं आपलं वाटोळं केलं."

मी त्याला बाजूला घेतलं आणि सांगून टाकलं.

त्यानं विचारलं, "कुठली ओळ?"

ती मला पाठ होती. 'जागा रिकामी झाल्यासच विचार केला जाईल.'

दत्तू वळला आणि हवालदारांच्या मुलाशेजारी जाऊन बसला. अजूनही तो माझ्या घरी येतो, बोलतो. फक्त मी काही सांगितलं, की बाहेर जाऊन दुसऱ्या कुणाला तरी विचारून घेतो.