ऑगस्टमधला हीटर

परवा मुलाची गाडी तापली म्हणून गॅरेजात नेली. बॉनेट उघडताच तापलेल्या रबराचा वास आला. रेडिएटरचा खर्च ऐकून मुलगा वैतागला, मला मात्र हसू फुटलं.

सत्तरच्या दशकातला एक ऑगस्ट. लग्नानंतर सहा महिन्यांनी मी बहारीनला उतरले होते, तेही भरजरी साडीत. ह्यांची जुनी गाडी मुहर्रकच्या विमानतळावरून समुद्रात भराव घालून केलेल्या रस्त्याने निघाली आणि पायांवर भट्टीसारखी हवा येऊ लागली. आखातातल्या गाड्यांत एसी असतो, एवढं ऐकून होते. घामाने निथळत म्हटलं, “छान आहे हो तुमचा एसी.”

हे इतके हसले की स्टिअरिंग हललं. “अगं, हीटर आहे तो! रेडिएटर बुजलाय. हीटर लावला की इंजिनची उष्णता आत येते आणि गाडी बंद पडत नाही.”

“मग रेडिएटर बदलायचा ना!”

“बदलणारच होतो. जिदहफ्स गावातल्या मेकॅनिकला ‘इंशाल्ला, गाडी आणतो’ असं सांगूनही आलो होतो. पण तेवढ्याच पैशांत तुझं तिकीट येत होतं.”

मी पदराने ह्यांच्या कपाळावरचा घाम टिपला, आणि तापमानाचा काटा पुन्हा चढताना दिसला तसा हीटर मीच आणखी वाढवला.